कड्यावरचे वकील

६ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

माझ्या हातचं पत्र बघून आधी तुमच्या मनात येईल, कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. माझी शाळा अर्ध्यात सुटली, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका, मजकूर वाचा. फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता.

आपली नात भिंगरी पक्ष्यांचं शिकून इथे माझ्या घरी राहायला आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर तुम्ही काय काय बोलता तेही मला ठाऊक आहे, माझी लेक सांगते. शेवटी ती तुमची सून असली तरी माझ्या पोटची आहे.

बंदराच्या बाहेर जो उभा कडा आहे, तिथे मी लग्न होऊन आले तेव्हा पक्ष्यांची नुसती दाटी असायची. काळी पाठ, पांढरं पोट, ताठ उभं राहणं. बघितलं की वाटावं, कोर्टाला सुट्टी लागली आणि सगळे वकील इथे आले. आम्ही त्यांना वकीलच म्हणायचो. घरटं वगैरे भानगड नाही. उघड्या दगडावर एकच अंडं घालायचं आणि त्यावरून शेजाऱ्याशी भांडायचं. मग शेजारी दगडाची खाण निघाली, सुरुंग उडायला लागले, आणि वकील गेले ते गेलेच. खाण बंद पडली तरी परत आले नाहीत.

भिंगरीचं म्हणणं, ते पक्षी रिकाम्या जागी उतरत नाहीत. आधीच कोणी बसलेलं दिसलं तर उतरतात. मला हे पटलं. रिकाम्या खानावळीत आपण तरी कुठे जातो? म्हणून कड्यावर लाकडाचे पक्षी उभे करायचे, भोंग्यावर त्यांचा कलकलाट लावायचा आणि वाट बघायची.

बंदराच्या कमिटीने तिला हा एक हंगाम दिला आहे. या कड्यावर जन्मलेलं एक तरी पिल्लू समुद्रात गेलं, तर कडा कायमचा पक्ष्यांचा, माणसांना बंदी. नाही गेलं, तर कमिटीचा अध्यक्ष, ज्याचा बर्फाचा कारखाना आहे तो, तिथे काचेच्या जमिनीचं चहागृह बांधणार. पायाखाली समुद्र बघत चहा प्यायचा म्हणे. मला तर कप धरवणार नाही.

तुमचा दुकानात उभे करायचे पुतळे बनवण्याचा कारखाना आहे. लाकूड कापणारे, रंगवणारे हाताशी आहेत. तीनेक डझन वकील करून पाठवा. माप आणि चित्र सोबत आहे. चित्र भिंगरीने काढलंय, जरा वाकडं आलंय.

लोभ आहेच. तो वाढेल अशी माझी अपेक्षा नाही.

तुमची विहीण

*

१५ फेब्रुवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र मिळाले. शुद्धलेखनाबद्दल मी काहीही म्हणणार नाही, म्हणण्यासारखे पुष्कळ असले तरी.

पक्षी करून देते. कारखाना आता मुलाच्या नव्हे, माझ्याच देखरेखीखाली चालतो. मुलाला पहिल्यापासून चष्म्यांच्या दुकानाची हौस. माझ्या रंगाऱ्यांना मी हे काम देणार नाही, स्वतः रंगवीन. डोळा रंगवणे हे येरागबाळ्याचे काम नाही. पुतळ्याचा डोळा जिवंत दिसला तर गिऱ्हाईक थांबते, पक्षीही थांबेल.

परंतु एक अट आहे आणि ती आधीच स्पष्ट करते. कमिटीने एक हंगाम दिला आहे ना, तोच मी देते. पिल्लू समुद्रात गेले तर मी तोंड मिटून घेईन. नाही गेले तर भिंगरीने इकडे यावे आणि वडिलांच्या दुकानात बसावे. तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली आहे. शिकलेली मुलगी दोराला लोंबकळते, हे मला चारचौघांत सांगवत नाही. तुमचे आयुष्य दोरखंडाच्या कारखान्यात गेले, तुम्हाला त्यात वावगे वाटणार नाही, मला वाटते.

ही अट तिला वाचून दाखवा. आणि तिने स्वतः दोन ओळी का लिहिल्या नाहीत? चित्र मात्र काढायला वेळ होता.

तुमची विहीण

*

४ मार्च

विहीणबाई,

खोकी पोहोचली. भिंगरीने पहिला पक्षी बाहेर काढला आणि हातात धरून नुसती बघत बसली. छाती अशी की हात फिरवावासा वाटेल. डोळा तर असा की माझ्याकडे उधारीवाला बघतोय असं वाटलं. मी मनात म्हटलं, बाई नाक वर करून चालते, पण नाकाखाली काहीतरी आहे खरं.

मग तिने तो फिरवला.

विहीणबाई, पाठ कुठे आहे?

सगळे बघितले. एकालाही पाठ नाही. पुढून वकील, मागून फळकूट. कच्चं लाकूड, त्यावर करवतीचे ओरखडे आणि एकावर तर तुमच्या सुताराने पेन्सिलीने बेरीज केलेली.

मला आधी कळेना. मग दुकानाच्या काचेतले पुतळे डोळ्यापुढे आले. पुतळ्याची पाठ भिंतीकडे, तोंड गिऱ्हाइकाकडे, मग पाठ कशाला रंगवा? जन्मभराची सवय. पण हे पक्षी उलटे उभे राहतात. तोंड खडकाकडे, पाठ समुद्राकडे. समुद्रावरून येणाऱ्या पाखराला त्यांची पाठच दिसते, दुसरं काही दिसतच नाही. आणि त्या पाठीवर तुमच्या सुताराची बेरीज.

काळी पाठ असं मी स्पष्ट लिहिलं होतं. तोंड कुठे करून उभे राहतात ते लिहायचं राहिलं, हे मला कबूल. पण ज्याला पाठ आहे असं कळवलं त्याला पाठ लावावी, एवढं तरी.

आता पक्षी यायची वेळ जवळ आली. खोकी परत पाठवायची तर हंगाम गेला. मी होडीचं डांबर फासणार होते, भिंगरी म्हणाली, "आजी, ते चिकटून बसतील, उतरतील कसले." काय करायचं ते उलट टपाली कळवा.

विहीण

*

९ मार्च

विहीणबाई,

माझ्या कारखान्यातून आजवर अपुरा माल बाहेर गेलेला नाही.

रंग आणि ब्रश घेऊन मी निघते आहे. हे पत्र माझ्या एक-दोन दिवस आधी पोहोचेल. मला मऊ उशी चालत नाही. तुमच्याकडे भिंती ओल्या असतात असे सून सांगते, तेव्हा रंग वाळवण्यासाठी शेगडी तयार ठेवा.

भिंगरीने याही वेळी स्वतः लिहिलेले नाही. आल्यावर विचारीन.

विहीण

*

१ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोहोचलात असं लेकीने कळवलं. तुमचा मफलर खुंटीवर राहिला आहे. पाठवणार नाही, इथे वारा फार असतो.

आधी भांडणाचं आटपते. भिंगरीच्या मनगटाचं हाड मोडल्याचं मी लपवलं, यावरून तुम्ही जे बोललात ते मी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची मला सवय नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी जेवण जरा खारट झालं. जानेवारीत कड्यावरची जागा साफ करताना ती घसरली. दोर माझा होता, म्हणून मनगटावर निभावलं. तुम्हाला कळवलं असतं तर त्याच दिवशी गाडी पाठवून तिला उचलून नेलं असतं. खरं की नाही? मग कशाला कळवू?

तिचं प्लास्टर निघाल्यावर ती खाली उतरली, तेव्हा तुम्ही "मी बघणारसुद्धा नाही" म्हणालात आणि मग पोटावर पालथं पडून कड्याच्या काठावरून मान खाली घातलीत. चांगली साडी, त्याखाली ओलं गवत. मी दोर धरून बसले होते, मला हसताही येईना. हसले असते तर दोर हलला असता.

पण एक सांगते. भिंगरी एकेक पक्षी खडकाला बसवत होती, सरळ रांगेत, शाळेच्या प्रार्थनेसारखे. आणि वरून तुम्ही सुरू झालात. "तो डावीकडे घे. त्या दोघांना जवळ आण, त्यांचं काहीतरी चाललंय असं वाटू दे. हा एकटा ठेव, हा उशिरा आलाय. मधे जागा सोड, येणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपल्यासाठी ठेवली आहे." पोरगी खालून ओरडली, "आजी, तू हे कुठे शिकलीस?" तुम्ही म्हणालात, "दुकानाची काच सजवायला."

मग तुम्ही त्या खडकावर पांढरा चुना शिंपडायला लावलात, विष्ठा दिसावी म्हणून. कल्पना भिंगरीची, पण शिंतोडे कसे उडवायचे ते तुमचं. मी जन्मभर पाखरांची घाण धूत आले आणि एवढी सुबक घाण कधी बघितली नाही.

पक्षी अजून एकही आलेला नाही. भोंगा दिवसभर कलकलतो. बंदरावरचा न्हावी तक्रार घेऊन आला होता. म्हणतो, दाढी करताना गिऱ्हाइकाला वाटतं कोणीतरी त्याला हसतंय. मी म्हटलं, तुझ्या हातची दाढी झाल्यावर वाटेलच.

विहीण

*

१३ एप्रिल

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

मफलर ठेवून घ्या. माझ्याकडे दुसरा आहे.

मी लपवाछपवीवर रागावले होते आणि अजूनही रागावलेली आहे. पण त्या दिवशी तिला उतरताना पाहिले, तिचा पाय खडकावर कसा पडतो तेही पाहिले. चारचौघांत काय सांगायचे, हा प्रश्न तेव्हा मला आठवला नाही. याचा अर्थ अट मागे घेतली असा काढू नये. मुलाने खुर्चीला नवे कापड लावून घेतले आहे आणि दुकानाच्या पाटीवर तिचे नाव घालण्यासाठी रंगारी बोलावला आहे.

पाटी मी त्याला अद्याप रंगवू दिलेली नाही. रंगारी चांगला नाही.

वकील आले का?

विहीण

*

१२ मे

विहीणबाई,

आले.

मी बटाटे सोलत होते. भिंगरी दारात येऊन उभी राहिली. माझा हात धरला आणि ओढत नेलं, सुरी हातातच. पलीकडच्या टेकाडावर लाकडाची खोपी आहे, तिथून दुर्बिणीतून बघायचं असतं. आता कड्यावर कोणी जायचं नाही, मीसुद्धा नाही.

दुर्बिणीत आधी मला तुमचे लाकडी दिसले. मग त्यातल्या एकाने मान खाजवली.

थोडेच आहेत, पण खरे आहेत. तुम्ही मधे जी जागा सोडली होती तिथेच बरोबर उतरले. भिंगरीने खोपीच्या भिंतीला डोकं टेकलं आणि रडली. मी रडू दिलं. बटाटे राहिले तसेच.

आता अडचण ऐका. त्यातला एक नर तुमच्या एका लाकडी बाईच्या प्रेमात पडला आहे. तुम्ही जिला जरा मान वाकडी करून रंगवलीत ती. रोज सकाळी तिच्यापुढे मासा आणून धरतो. ती काही बोलत नाही, त्याला वाटतं लाजते. तो मासा तिथेच ठेवतो, कुरव, ते पांढरे चोरटे समुद्रपक्षी, येऊन पळवतात, हा पुन्हा नवा आणतो. बाकीच्यांनी जोड्या जमवल्या, अंडीही दिसायला लागली, हा आपला लाकडापुढे उभा. तुम्ही इतकी देखणी कशाला केलीत तिला?

अंडी तीन. कुरव टपून आहेत. एरवी हे पक्षी खेटून खेटून बसतात आणि चोचींचा मारा करून कुरवाला फिरकू देत नाहीत. पण हे थोडे, त्यात बाजूला बसलेला लाकडी शेजारी, तो काय मारणार? भिंगरी झोपत नाही. जेवायला बसली तरी कान बाहेर.

बर्फवाला काल खोपीत येऊन बघून गेला. "अंडं म्हणजे पिल्लू नव्हे," म्हणाला. मी म्हटलं, "आणि बर्फ म्हणजे पाणी नव्हे, तरी विकतोसच की."

विहीण

*

२१ मे

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी कारखान्यात मोठ्याने वाचून दाखवले. ज्या सुताराने बेरीज केली होती त्याने त्या नराला जावई म्हणायला सुरुवात केली आहे. सगळे रोज विचारतात, जावईबापूंनी काय आणले.

ती वाकडी मान मी मुद्दाम केली होती. काचेत सगळे ताठ उभे असले तर माल उठत नाही. चूक असेल तर तीही माझीच.

कुरवांचे वाचून मला नीट जेवण गेले नाही. मला पक्ष्यांचे काहीही पडलेले नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण मुलाने परवा पुन्हा पाटीचा विषय काढला, तेव्हा मी त्याला म्हणाले, घाई काय आहे.

जे होईल ते लगेच कळवा. वाईट असले तरी. विशेषतः वाईट असले तर, आणि या वेळी लपवू नका.

विहीण

*

११ जून

विहीणबाई,

लपवत नाही.

दोन अंडी कुरवांनी नेली. एक सोमवारी, एक काल. काल भिंगरीच्या डोळ्यांदेखत. ती खोपीतून उठून धावत सुटली, मी तिचा हात धरला. मोडलेला नव्हे, दुसरा. म्हटलं, तू गेलीस तर उरलेले घाबरून उडतील आणि तिसरंही जाईल. ती खाली बसली. मग म्हणाली, "आजी, मला नाही जमणार त्या दुकानात." मी म्हटलं, "मग नको जमवूस. बघत राहा."

तिसरं अंडं आहे. ते ज्या जोडप्याचं आहे त्यांनी खडकाच्या कपारीत जागा धरली आहे, कुरवाला पंख पसरून उतरता येत नाही. अंड्याचा आकार भोवऱ्यासारखा, एका टोकाला निमुळता. ढकललं तर गडगडत जात नाही, जागच्या जागी फिरतं. ज्याने हे अंडं घडवलं त्याने कडा आधी बघितला असणार.

आणि एक. तुमच्या जावईबापूंना अक्कल आली. लाकडी बाईला सोडलं. बायको मिळाली नाही, उशीर झाला. पण आता तो त्या कपारीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो आणि येईल त्या कुरवाला चोच मारतो. काल एकाची पिसं काढली. सुताराला सांगा.

विहीण

*

२२ जून

विहीणबाई,

अंडे फुटले का? फक्त एवढेच कळवा. इथे सगळे विचारतात.

विहीण

*

१५ जुलै

विहीणबाईंना नमस्कार.

फुटलं तेव्हा फोन केला होता, तेव्हा तुम्ही मधे बोलला नाहीत. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. मलाच वाटलं, फोन बंद पडला.

आता कालचं सगळं लिहिते, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

या जातीचं पिल्लू उडायला शिकायच्या आधीच घर सोडतं. पंख म्हणजे नुसते ठोंब. बाप खाली पाण्यात उतरतो, तिथून हाका मारतो, आणि पिल्लू कड्यावरून उडी टाकतं. आई मागे राहते. पुढचं खाऊपिऊ घालणं, शिकवणं, सगळं बाप करतो. माझ्या जावयाला, म्हणजे तुमच्या मुलाला, हे वाचून दाखवा.

भिंगरीने सकाळीच सांगितलं, आज जाईल. बंदरावर ही बातमी कशी पसरली देव जाणे. मी फक्त न्हाव्याला सांगितलं होतं. संध्याकाळी ऊन उतरायला लागलं तेव्हा टेकाडावर अख्खं बंदर जमलं होतं. कोळी, गोदीतले हमाल, शाळेची बाई, कमिटीवाले झाडून सगळे. बर्फवाला घडीची खुर्ची घेऊन आला होता. मी त्या खुर्चीवर बसले, तो उभा राहिला.

बाप खाली उतरला. पाण्यावर तरंगत हाक द्यायला लागला, घोगरी, लांबट. भोंगा भिंगरीने बंद केला होता, म्हणून ती हाक स्वच्छ ऐकू येत होती. पिल्लू कपारीतून बाहेर आलं. मुठीएवढं. काठावर आलं, खाली बघितलं, मागे गेलं. पुन्हा आलं, पुन्हा मागे. वर तीन कुरव घिरट्या घालत होते. माझ्या शेजारी बर्फवाला पुटपुटला, "जाणार नाही हो हे." मी त्याच्या पायावर काठी ठेवली, जरा जोरात.

भिंगरीने दुर्बीण माझ्या हातात दिली. म्हणाली, "मला नाही बघवत, तू बघ आणि मला सांग." मी दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली आणि म्हटलं, "माझे डोळे गेले आता, तूच बघ." खोटं बोलले. मला लांबचं अजून स्वच्छ दिसतं.

मग पिल्लाने उडी टाकली.

पंख पसरले, म्हणजे जे होते ते. पाय फाकवले. वाऱ्यावर जरा तोललं, मग खाली खडकाच्या नाकाडावर आपटलं. सगळ्या टेकाडाने एकदम हाय केलं. ते चेंडूसारखं उसळलं आणि पाण्यात पडलं. एक कुरव सरळ खाली आला. आणि कड्यावरून तुमचे जावईबापू दगडासारखे त्याच्या अंगावर कोसळले. कुरव कुठे, पाणी कुठे, काही कळेना. पाणी निवळलं तेव्हा कुरव लांब पळत होता, आणि बाप आणि पिल्लू चोचीला चोच लावून एकमेकांना ओळखून घेत होते.

मग दोघं निघाले. पुढे बाप, मागे ते एवढंसं. धक्क्याच्या भिंतीच्या टोकाला वळसा घालून, बंदर सोडून, सरळ खोल समुद्राकडे. मागे वळून बघितलं नाही कोणी.

टेकाडावर काय झालं ते लिहिता येत नाही मला. गोदीतल्या बोटींनी भोंगे वाजवले. न्हाव्याने शाळेच्या बाईला मिठी मारली आणि मग दोघं लाजले. कोळ्यांनी भिंगरीला खांद्यावर उचललं, ती खाली सोडा, खाली सोडा म्हणत होती आणि हसत होती. इतकं हसताना मी तिला लहानपणीही बघितलं नव्हतं. बर्फवाला माझ्याकडे आला. मला वाटलं, खुर्ची मागणार. तो म्हणाला, "काकू, कमिटीचा शब्द म्हणजे शब्द. साखळी उद्याच लावतो." आणि आज सकाळी लावली. स्वतः आला, घाम पुसत. कड्याच्या वाटेवर आता जाड साखळी आहे आणि तिच्यापुढे माणसाचं काही चालत नाही.

पुढच्या वर्षी हेच वकील परत येतील आणि आणखी आणतील, असं भिंगरी म्हणते. कमिटीने तिला कायमची राखणदार नेमली. खोपीला नवं छप्पर घालून देणार आहेत.

तेव्हा तुमच्या मुलाला सांगा, त्या खुर्चीवर गिऱ्हाइकाला बसव. आणि तुम्ही थंडी संपता संपता इकडे या. आणखी दोन डझन लागणार आहेत म्हणे, पाठीसकट. रंग इथेच लावा. शेगडी पेटवून ठेवते. कडक उशी आणून ठेवली आहे.

विहीण